जामीन आणि तुरुंगातून सुटका (पुणे)

जामीन म्हणजे आरोपी दर तारखेला न्यायालयात हजर राहील, या लेखी हमीवर झालेली त्याची सुटका. 1 जुलै 2024 पासून याबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असून तो पोलीस ठाण्यातच देता येतो. अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायालय ठरवते. तपास 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो.

अमेरिकेसारखा पैसे घेऊन हमी देणारा परवानाधारक व्यावसायिक आपल्याकडे नाही. शिवाजीनगर न्यायालयात ‘25,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असा हुकूम झाला (जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी), तर ती रक्कम कोणी लगेच भरत नाही. आरोपी चुकला तर भरीन, असे जामीनदार लिहून देतो. त्यासाठी तो स्वतः हजर होतो. सोबत छायाचित्रे, आधार, रेशन कार्ड आणि ऐपतीचा पुरावा लागतो: पगारपत्रक, महापालिकेची मिळकतकर पावती किंवा मुळशी-मावळकडच्या जमिनीचा ताजा सातबारा. मोठ्या रकमेला तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला मागितला जातो आणि त्यात दिवस जातात. आपण आणखी किती आरोपींना जामीन आहोत, हेही त्याला प्रतिज्ञेवर सांगावे लागते.

गाडी अडते ती इथेच. आधारावर ‘ज्ञानेश्वर’ आणि सातबाऱ्यावर ‘ज्ञानदेव’ असेल, तर जामीनदार परत पाठवला जातो. न्यायालयाच्या आवारात भेटणारा भाड्याचा जामीनदार कधीही घेऊ नये. कागद बनावट निघाले तर जामीन जातो आणि वर नवा गुन्हा दाखल होतो. त्यापेक्षा काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची परवानगी मागावी, नाझराकडे (न्यायालयातला पैसे स्वीकारणारा अधिकारी) रक्कम भरावी आणि त्या मुदतीत खरा जामीनदार आणावा.

बंधपत्र (हमीचा लेखी कागद) स्वीकारल्यावर न्यायालय तुरुंग अधीक्षकांच्या नावे सुटकेचा हुकूम काढते. येरवडा कारागृहात नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमे नोंदवहीशी ताडून पाहतात. एका अंकाची चूक असली तरी हुकूम दुरुस्तीला परत जातो. दुसऱ्या गुन्ह्यातले वॉरंट बाकी असेल, तर सुटका होत नाही. म्हणून वकिलाने सर्व गुन्ह्यांची यादी आधीच काढलेली बरी. संध्याकाळी कैद्यांना कोठड्यांत बंद केल्यावर आलेला हुकूम दुसऱ्या दिवसावर जातो, हे शनिवारी जामीन भरणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा अन्याय गरिबावर होतो: जामीन मंजूर, पण जामीनदार नाही. मोतीराम खटल्यात (1978) एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीन मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणे चूक ठरवले. याच न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार हुकुमानंतर 7 दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करू शकते. पुण्यात बाहेरून मजुरीला आलेल्यांच्या नातलगांनी यासाठी प्राधिकरणाकडे अर्ज जरूर द्यावा. वकील मोफत मिळतो.

आरोपी तारखेला गैरहजर राहिला, तर बंधपत्र जप्त होते आणि जामीनदाराला नोटीस निघते. विश्वास उरला नसेल, तर जामीनदार अर्ज करून मोकळा होऊ शकतो. रोख भरली असल्यास नाझराची मूळ पावती जपावी. खटला निकाली निघाल्यावर परताव्याच्या अर्जाला ती जोडावी लागते.