दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब कोण मागणार: कॉर्पोरेट गव्हर्नन्सची गोव्यातून दिसणारी पार्श्वभूमी

आमच्या फोंड्याकडे देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या सभासद कुटुंबांची, वर्षाची सभा भरते तेव्हा खजिनदार उभा राहून जमाखर्च वाचतो. लहान असताना मी बाबांबरोबर जायचे आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून बसायचे. एक म्हातारे महाजन दरवर्षी न चुकता तेलाच्या खर्चावर बोट ठेवायचे, पावती दाखवा म्हणायचे, मग खजिनदार कपाटातून गठ्ठा काढणार, दोरा सोडणार, एकेक कागद त्यांच्या पुढ्यात ठेवणार, तोवर सगळी सभा थांबलेली. एलएलएमला कॉर्पोरेट गव्हर्नन्स इन इंटरनॅशनल पर्स्पेक्टिव्ह हा पेपर घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ते आजोबा आठवले, कारण अख्ख्या विषयाच्या मुळाशी त्यांचाच प्रश्न आहे.

नोट्समध्ये गोष्ट सहसा १९९२ पासून सुरू होते. ब्रिटनमध्ये पॉली पेक, बीसीसीआय आणि मॅक्सवेल ही कंपन्यांच्या घोटाळ्यांची प्रकरणं पाठोपाठ गाजली, सर एड्रियन कॅडबरींच्या कमिटीचा रिपोर्ट आला, आणि कंपन्या ज्या व्यवस्थेने चालवल्या आणि नियंत्रित केल्या जातात ती म्हणजे कॉर्पोरेट गव्हर्नन्स ही व्याख्या तिथूनच आली. ठीक आहे, पण मला वाटतं सुरुवात त्याच्या चारशे वर्षं आधीची आहे आणि ती आपल्या किनाऱ्याला लागून गेलीय.

१६०२ मध्ये हॉलंडमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. एकट्या ॲमस्टरडॅममध्ये ११४३ जणांनी पैसे घातले. कारभार सतरा डायरेक्टरांच्या हातात, आणि गुंतवणूकदारांना हिशेब बघायचा हक्क जवळजवळ नाहीच. १६०९ मध्ये इझाक ल मेर नावाच्या मोठ्या भागधारकाने सरकारकडे लेखी तक्रार केली. पुढे १६२२ च्या सुमारास सनद वाढवायची वेळ आली तेव्हा बाकीचे भागधारकही उठले, पत्रकं काढली, हिशेब मागितला, आणि १६२३ च्या नव्या सनदेत मोठ्या भागधारकांमधून नऊ जणांची देखरेख समिती मिळवली. फार दात असलेली नव्हती ती, पण कारभार करणारे वेगळे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे वेगळे ही कल्पना कागदावर आली. याच कंपनीची जहाजं १६३० आणि ४० च्या दशकांत मांडवीच्या मुखासमोर गोव्याची नाकेबंदी करून उभी असायची.

पोर्तुगालनेही १६२८ मध्ये तशीच एक कंपनी काढून बघितली, आणि १६३३ ला ती बंद! पैसा मुख्यतः राजाचा आणि नगरपालिकांचा, खाजगी व्यापारी फारसे आलेच नाहीत, राजा आपले पैसे परत देईल की दुसरीकडे वळवेल याचा भरवसा कोणाला नव्हता. मला ही पाच वर्षांची कंपनी डच कंपनीपेक्षाही जास्त शिकवून जाते, भांडवल आणायला जहाजं पुरत नाहीत, हिशेबाचा विश्वास लागतो.

इंग्लिश धागा सगळ्यांना पाठ असतो म्हणून पटकन: १८४४ ला कंपनी रजिस्टर करायचा कायदा, १८५५ ला मर्यादित जबाबदारी, म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे घातलेले पैसे तेवढे जाणार, १८९६ ला सॉलोमनची केस, म्हणजे कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती. ब्रिटिश इंडियात हेच कायदे उतरत गेले. पण गोवा त्यात नव्हता.

आमच्याकडे १८६७ चा सिव्हिल कोड आणि १८८८ चा पोर्तुगीज कमर्शियल कोड. त्यात पब्लिक कंपनीला म्हणतात सोसिएदाद आनॉनिमा, आणि तिच्यावर देखरेखीला काँसेल्यु फिश्काल नावाचं वेगळं मंडळ, किमान तीन जण, भागधारकांमधूनच जनरल सभेने निवडलेले. इंग्लिश पद्धतीत बोर्ड एकच असतं. जर्मनीने १८७० लाच शेअर कंपन्यांना वेगळं सुपरवायझरी बोर्ड सक्तीचं केलं आणि १९७६ पासून दोन हजारांवर कामगार असले तर त्यातल्या निम्म्या जागा कामगारांच्या. म्हणजे पोर्तुगीज कल्पना इंग्लिशपेक्षा जर्मन घराण्याच्या जवळची दिसते. आणि देवस्थानांचा १९३३ चा कायदाही त्याच राजवटीतला, त्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार महाजनांनी निवडायचे आणि वर मामलेदार. गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, गांवकारांची सभा आणि निवडलेली कमिटी असते ते तर आपण बघतोच.

१९६१ ला मुक्ती आली आणि त्यानंतर १९५६ चा कंपनीज ॲक्ट. एका पिढीत अख्खा कायद्याचा परिवार बदलला, युरोपातला संहितांवर चालणारा सिव्हिल लॉ जाऊन कोर्टांच्या निकालांवर वाढलेला इंग्लिश कॉमन लॉ (कंपन्यांपुरता, घरचे वारसाहक्क २०१६ पर्यंत कोडवरच चालायचे). सेसा गोवा या खाण कंपनीचंच बघा, १९५४ ला पोर्तुगीज राजवटीत इटालियन पैशाने सुरुवात, नावातलं सेसा हेही इटालियन नावाचं लघुरूप, १९६५ ला भारतीय कायद्याखाली कंपनी, १९९६ ला मालकी जपानच्या मित्सुईकडे, २००७ ला ५१ टक्के तेव्हा लंडनला लिस्टेड असलेल्या वेदांताकडे. इंटरनॅशनल पर्स्पेक्टिव्ह शिकायला याहून जवळचं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

१९९८ मध्ये ला पोर्टा आणि आणखी तीन अर्थतज्ज्ञांनी ४९ देशांचे कायदे तपासून मांडलं की कॉमन लॉ देशांत गुंतवणूकदाराला संरक्षण जास्त आणि फ्रेंच वळणाच्या देशांत, ज्यात पोर्तुगाल येतो, सगळ्यात कमी. वाद खूप झाला. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची कॉर्पोरेट गव्हर्नन्सची तत्त्वं १९९९ ला आली, अमेरिकेत एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर २००२ चा सारबेन्स ऑक्सली कायदा, आपल्याकडे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने कुमार मंगलम बिर्ला कमिटीनंतर २००० मध्ये लिस्टेड कंपन्यांसाठी क्लॉज ४९ हा नियम आणला, स्वतंत्र डायरेक्टर, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले, बोर्डावर हवेत म्हणून.

आणि मग हैदराबादची आयटी कंपनी सत्यम. १६ डिसेंबर २००८ ला बोर्डाने प्रमोटरच्या, म्हणजे कंपनी काढून ताब्यात ठेवणाऱ्याच्या, घरच्याच मेटास कंपन्या घ्यायचा ठराव एकमताने पास केला, समोर नावाजलेले स्वतंत्र डायरेक्टर बसलेले असताना. गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांत मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ ला चेअरमनचं हिशेब खोटे असल्याचं पत्र आलं. त्यातूनच पुढे २०१३ च्या कायद्यात स्वतंत्र डायरेक्टरांवर सविस्तर कलमं आली, आणि १ जानेवारी २०२२ पासून लिस्टेड कंपनीत त्यांच्या नेमणुकीला स्पेशल रिझोल्यूशन, म्हणजे तीन चतुर्थांश मतं लागतात (नोव्हेंबर २०२२ पासून ती कमी पडली तर साधं बहुमत आणि त्याबरोबर प्रमोटरबाहेरच्या भागधारकांचं बहुमत असलं तरी चालतं). तरी त्या मतदानात प्रमोटरही मत देतोच, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याचाही नजर ठेवणारा निवडण्यात हात.

माझं डिसर्टेशन इथेच अडलंय आणि इथूनच सुरू होतंय. काँसेल्यु फिश्कालही जनरल सभाच निवडायची, मग तिथे मोठ्या भागधारकाचं वजन कसं अडवायचे, अडवायचे का, हे गोव्यातल्या जुन्या कंपन्यांच्या कागदांतून बघायचंय. कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणून संध्याकाळी पणजीला क्लासला जाते, कोडची देखरेखीची कलमं ओळीओळीने लावतेय, एका पानाला अजून दोन दिवस लागतात.