प्रोटॉन उपचार: चाचण्यांचा वाद कुठून आला

प्रोटॉनने, म्हणजे अणुकेंद्रातल्या धनभारित कणांच्या झोताने, कर्करोगावर उपचार करण्याची कल्पना १९४६ची. १९५४मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. नंतरची साडेतीन दशके काम चालले ते मुख्यतः भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत. डोळ्यातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग), कवटीच्या तळाशी होणारा कॉर्डोमा (हाडातली दुर्मीळ गाठ) असे मोजके आजार तिथे हाताळले जात. रुग्णालयासाठीच बांधलेले यंत्र कॅलिफोर्नियातल्याच लोमा लिंडात १९९०मध्ये सुरू झाले.

वाद तापला २०००नंतर. अमेरिकेत केंद्रे भराभर उघडली आणि त्यांच्या रुग्णांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे रुग्ण खूप होते. तोवर नेहमीच्या एक्स-रे उपचाराचे आयएमआरटी तंत्रही (झोताची तीव्रता बदलत गाठीच्या आकाराप्रमाणे डोस देणारे) सुधारले होते. मग प्रोटॉनचा फायदा चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडून तपासायचा की नाही? एका बाजूचे म्हणणे असे, की प्रोटॉनमुळे निरोगी अवयवांना किरणांचा कमी डोस जातो हे संगणकावरच्या उपचाराच्या प्लॅनवर दिसत असताना निम्म्या रुग्णांना एक्स-रेचा जास्त डोस देणे अनैतिक आहे. लहान मुलांच्या बाबतीत हे पटते. वाढत्या मेंदूवर आणि मणक्यावर असा प्रयोग करणे कुणालाच योग्य वाटले नाही.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र ही भूमिका कच्ची होती. स्क्रीनवर दोन प्लॅन शेजारी ठेवले की प्रोटॉनचा झोत गाठीपाशी थांबलेला दिसतो. प्रत्यक्षात रुग्ण श्वास घेतो, वजन घटते, गुदाशयात गॅस साठतो आणि झोत थांबण्याची जागा काही मिलिमीटर सरकते. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या चाचणीत (२०१८) प्रोटॉन सरस ठरला नाही, त्यामागे अशी कारणे असू शकतात. अन्ननलिकेच्या चाचणीत (२०२०) दुष्परिणामांचा एकूण भार मात्र स्पष्टपणे कमी भरला. आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

अडचण पैशाचीही होती. पुरावा नाही म्हणून विमा कंपन्या खर्च नाकारत, आणि पुरावा गोळा करणाऱ्या चाचणीत प्रोटॉनच्या गटात आलेल्यांनाही नकार मिळे. अनेक चाचण्या यामुळेच रेंगाळल्या. रुग्णांवर हा सरळसरळ अन्याय होता. नेदरलँड्सने वेगळी वाट धरली: प्रत्येक रुग्णाचे दोन्ही प्लॅन करायचे, दुष्परिणामाची शक्यता गणिताने काढायची आणि फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच प्रोटॉन द्यायचा. वाट व्यवहार्य आहे, पण निवड त्या गणिताच्या अचूकतेवर टिकते.

प्रोस्टेटच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत २०२४मध्ये दोन्ही उपचार आतड्यांच्या त्रासाबाबत सारखेच निघाले. घशाच्या कर्करोगावरच्या अमेरिकी चाचणीत मात्र प्रोटॉनच्या गटात नळीने अन्न घ्यावे लागणारे रुग्ण कमी होते.

भारतात चेन्नईत २०१९ला आणि खारघरला २०२३मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले. घशाचा तो अमेरिकी निकाल इथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तिथले बहुतेक रुग्ण एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या कर्करोगाचे, तर आपल्याकडे तंबाखूचा वाटा मोठा. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाचे वागणेच वेगळे असते, त्यामुळे इथल्या रुग्णांवरची चाचणी स्वतंत्रपणेच करावी लागेल.