आमवात आणि धावणं

आमवात म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पेशंट लोक नुसतं आरए म्हणतात, आणि पुस्तकी मराठीत त्याला संधिवाताभ संधिशोथ असं नाव आहे जे प्रत्यक्षात कोणाच्याच तोंडी नसतं. हा आजार असताना चालणं, पळणं, सायकल, पोहणं, ताकदीचा व्यायाम हे चालू ठेवता येतं का, किती करायचं आणि कधी थांबायचं त्याबद्दल ही नोंद. तर येतं, आणि करायलाच हवं, फक्त आधी सूज औषधाने ताब्यात आली पाहिजे.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो झीज आणि सूज या दोन शब्दांचा. उतारवयात गुडघे दुखतात ती बहुतेक वेळा झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. आमवाताचं तसं नाही, इथे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेळेत आवरलं नाही तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडायला लागतं. बोटांचे सांधे, मनगटं, पायाचे चवडे, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखंच. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ हात आखडलेले राहतात, मूठ वळत नाही, ही याची ओळखीची खूण. आणि हा म्हाताऱ्यांचा आजार नाहीये, सुरुवात साधारण तिशी ते साठीच्या मधे होते, बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे झाला होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातला, त्यात मोठ्या माणसांमधे आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. ऐकायला कमी वाटतं, पण दोनशे माणसांत एक म्हणजे प्रत्येक मोठ्या सोसायटीत कोणीतरी आहेच.

आता घरचे काय म्हणतात? "अगं पळू नकोस, गुडघे झिजतील." म्हणजे आजार सुजेचा आणि भीती झिजेची. बरं, झिजेची भीती सुद्धा तितकीशी खरी नाही. २०१७ मधे बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून बघितली तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमधे गुडघ्याची-खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांना दिसली आणि अजिबात न धावणाऱ्या बैठ्या लोकांमधे १०.२ टक्के. हे आकडे आमवाताच्या पेशंटचे नाहीत हे लक्षात ठेवा, पण धावलं की गुडघे गेलेच असं म्हणणाऱ्यांना दाखवायला पुरेसे आहेत.

आरामाचा सल्ला अगदीच हवेतून आला असंही नाही. एकेकाळी हेच औषध होतं, पेशंटला आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवायचे, सांध्यांना पट्ट्या बांधायच्या, कारण सूज उतरवणारं दुसरं काही हातातच नव्हतं. १९४८ मधे अमेरिकेत मेयो क्लिनिकला फिलिप हेंच या डॉक्टरांनी पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, १९५० मधे त्यासाठी नोबेल मिळालं, पुढे स्टेरॉइडचे दुष्परिणामही कळले. खरा बदल मेथोट्रेक्सेट या सूज मुळापासून आवरणाऱ्या औषधाने केला, अमेरिकेत १९८८ मधे त्याला आमवातासाठी मंजुरी मिळाली, मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायोलॉजिक, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला नेमका आवर घालणारी इंजेक्शनं आली. सूज ताब्यात राहायला लागली तसा व्यायामाचा प्रश्न नव्याने विचारता आला, पण "आराम कर" हे वाक्य मात्र घराघरात तसंच राहिलं. मायेनेच म्हणतात, पण त्याने नुकसान होतं.

व्यायामाच्या बाजूने जो अभ्यास पुन्हा पुन्हा सांगितला जातो तो नेदरलँड्सचा, रॅपिट नावाचा, २००३ मधे छापून आला. ३०९ पेशंट, दोन वर्षं. अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा सव्वा तासाचा क्लास, त्यात वीस मिनिटं सायकल, वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम आणि वीस मिनिटं चक्क खेळ, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल असे उड्या मारायला लावणारे, बाकी वॉर्मअप वगैरे. दोन वर्षांनी या गटाची रोजची कामं करायची क्षमता जास्त चांगली होती आणि एक्सरेमधे मोठ्या सांध्यांचं नुकसान एकंदरीत वाढलेलं नव्हतं. एक अट मात्र तिथेच दिसली, ज्यांचे खुबे, गुडघे, खांदे आधीच बरेच खराब झाले होते त्यांच्यात नुकसान थोडं जास्त वाढताना दिसलं. म्हणून धावायला लागायच्या आधी एक्सरे बघून घेणं हा उगाच खर्च नाही. २०१८ च्या युरोपियन शिफारशी आणि २०२२ ची अमेरिकन गाईडलाईन, दोन्हीकडे आता व्यायाम हा उपचाराचाच भाग धरलाय.

गरज का आहे तेही समजून घ्या. कूर्चाला रक्तपुरवठा नसतो, सांधा दाबला-सोडला जातो तेव्हा स्पंजासारखं आतलं पाणी आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिचं पोषण होतं, पलंगावर पडून ते होत नाही. हा आजार स्नायू खातो, हाडं ठिसूळ करतो आणि त्यात स्टेरॉइड भर घालतं, हृदयविकाराचा धोका तर साधारण दीडपट धरतात. आणि तो थकवा, जो झोपून जात नाही, त्यावर ज्या थोड्या गोष्टी लागू पडतात त्यात व्यायाम आहे. घरकामात होतोच की व्यायाम, असं बायकांना फार ऐकवलं जातं. नाही होत. कणीक मळणं, कुकरचं झाकण लावणं, कपडे पिळणं यात त्याच दुखऱ्या बोटांवर आणि मनगटांवर ताण येतो, छाती-मांड्यांना काही मिळत नाही.

सुरुवात चालण्यापासून. अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी काही वाढलं नाही असे दोन-तीन आठवडे गेले की एक मिनिट पळायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं. मोजायचं कसं, तर व्यायामानंतर दोन तासांनीही सांधा नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं. मांड्या-पोटऱ्या भरून आल्या तर ते चालतं, सांधा गरम लागतोय, फुगलाय तर नाही चालत, हा फरक हात लावून ओळखायला शिकावं लागतं. फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला, तर पळणं बंद, पण सांधे त्यांच्या पूर्ण कक्षेत हळू फिरवणं चालू, अगदी झोपून राहायचं नाही.

पायाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं आणि तिकडेच सगळ्यात कमी दिलं जातं, डॉक्टर हात बघतात, बूट काढायला कोणी सांगत नाही. चवड्याचे सांधे सुजले की फरशीवर पाय टेकताना खडे टोचल्यासारखं वाटतं, बोटं वाकडी होतात, अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो. अशा पायाला पुढून रुंद, जाड तळव्याचे बूट लागतात, आत चवड्याच्या मागे टेकू देणारं पॅड बसवून घेतलं तर भार वाटला जातो. घरात सुद्धा अनवाणी नको, मऊ स्लीपर. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. टेकडीवर चढताना दम लागतो पण त्रास उतरताना होतो, सगळं वजन चवड्यावर आणि गुडघ्यावर येतं, तेव्हा उतार चालतच उतरा.

सूर्यनमस्कारात मनगटावर भार येतो, तिथे सूज असेल तर खुर्चीचा आधार घेऊन करा. शीर्षासन मात्र मानेचा एक्सरे झाल्याशिवाय नकोच, या आजारात मानेचे वरचे दोन मणके ढिले होऊ शकतात आणि मज्जारज्जू तिथूनच जातो.

औषधांचं थोडं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं, आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी मळमळतं त्यांनी लांब पल्ल्याचा दिवस तिथे ठेवू नये. पेनकिलर घेऊन उन्हात लांब धावणं किडनीसाठी वाईट, शिवाय जो सांधा थांब म्हणतोय त्याचा आवाजच बंद होतो. बायोलॉजिक चालू असेल तर पायाच्या फोडाकडे, जखमेकडे दुर्लक्ष नको. दम अचानक जास्त लागायला लागला तर स्टॅमिना गेला म्हणून गप्प बसू नका, हिमोग्लोबिन बघा, फुप्फुसं तपासून घ्या, हा आजार तिथेही जातो.

मोठं उदाहरण डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकी हिचं. २०१४ मधे न्यूयॉर्क मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत पळालेली, जानेवारी २०१८ मधे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेली, आणि त्याच वर्षी एका सकाळी हात डोक्यावर नेता येईना. निदान झाल्यावरही तिने बीजिंगची स्पर्धा जिंकली आणि मग ऑक्टोबरमधे सिंगापूरला आजार जाहीर केला. २०२० मधे निवृत्ती, दोन मुलं, आणि २०२३ मधे परत येऊन यूएस ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत. सगळ्यांना हे जमेल असं नाही, तिच्यामागे मोठी टीम होती.

आपल्याकडे धावायच्या स्पर्धा पहाटेच्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी अंग सगळ्यात जास्त आखडलेलं असतं, कारण सूज वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच चढतात. रोजच्या सरावाला संध्याकाळ निवडता येते, स्पर्धेला नाही. ओळखीतल्या एक काकू दर वर्षी दहा किलोमीटर पळतात, निम्मं चालत. साडेपाचची स्पर्धा असली की तीनला उठतात, पातेल्यात गरम पाणी घेऊन दोन्ही हात बुडवून बसतात, बोटं एक एक करून उघडतात-मिटतात, मग पावलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरता आला की निघायचं. बुटाला इलॅस्टिकची लेस लावलीये, बांधावी लागत नाही.