घरासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? परवान्याचा अर्ज भरण्याआधी

शस्त्र परवान्याची चौकशी करणारा माणूस सहसा "कोणतं पिस्तूल चांगलं?" इथून सुरुवात करतो. आपल्याकडे क्रम उलटा आहे: आधी परवाना, मग खरेदी. आणि हत्याराचं वर्णन अर्जातच द्यावं लागत असल्यामुळे अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

बाकीची निवड कायद्याने करून ठेवली आहे. ९ मिमी, .३८, .४५५ हे बोर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) प्रतिबंधित. सर्वसाधारण अर्जदाराच्या वाट्याला हँडगनमध्ये मुख्यतः .३२ येतो. त्यामुळे बोरवर वाद घालण्यापेक्षा हत्यार आपल्या हाताला झेपतं का, ते बघा. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचायला मनगटात जोर लागतो; सांधे दुखणाऱ्या माणसाला ते घाबरलेल्या अवस्थेत जमेलच असं नाही. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही, पण घोडा (मागची छोटी हातोडी) आधी न चढवता झाडायचं तर चाप जड लागतो. हलकं हत्यार सोयीचं वाटतं, मात्र झटका जास्त देतं. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं आहे. ते हातात छान बसतं म्हणून नेमही बसेल असं समजू नका. अर्जासाठी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावंच लागतं. तिथे जमल्यास दोन्ही प्रकार हाताळा आणि मग अर्ज भरा.

पात्रतेसाठी वय किमान २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून ५ वर्षं परवाना मिळत नाही. खरी अडचण मात्र कारणाची असते. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य परिस्थितीमुळे जीविताला वा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज आहे, हे पटवावं लागतं. "चोऱ्या फार वाढल्यात" एवढ्यावर भागत नाही. धमकीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत, व्यवसायाचे कागद, जे असेल ते जोडा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्येच तसं म्हटलं आहे.

अर्ज शस्त्र नियम, २०१६ मधल्या नमुना ए-१ मध्ये करायचा. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-१), हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र (एस-२) आणि डॉक्टरांचा दाखला (एस-३). या दाखल्यात शारीरिक व मानसिक प्रकृतीबरोबरच नशेचं व्यसन नसल्याचाही उल्लेख लागतो. तो राहून गेला की पुन्हा हेलपाटा.

आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस, अशी नियमातली मुदत आहे. मनात मात्र याहून जास्त धरून चाला. नकार आला तर लेखी कारणं मागून घ्या. अपील ३० दिवसांत करायचं असतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्या. लॉकरचं बजेटही हत्याराबरोबरच धरा, कारण एस-२ वर सही तुमची असते. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका.