पटरची पकड: नियम, गवत आणि हौशी हात

हौशी गोल्फपटूंना पटिंगचे, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावरून (‘ग्रीन’वरून) पटर नावाच्या काठीने चेंडू घरंगळत होलमध्ये नेण्याचे, जे धडे आज दिले जातात, त्यांत मनगटे स्थिर ठेवावीत, झोका खांद्यांतून यावा आणि पटर शरीराला टेकवू नये, या तीन सूचना बहुधा एकत्रच येतात. पहिल्या दोन सूचना मैदानावरच्या अनुभवातून आल्या आहेत, तर तिसरी १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या नियमातून आली आहे. शिकवताना हा फरक सहसा सांगितला जात नाही, त्यामुळे अनेकांचा समज होतो की टेकवलेला पटर ही चुकीची शैली होती. प्रत्यक्षात ती तीस वर्षे पूर्णपणे नियमात बसणारी शैली होती आणि तिने कित्येक थकलेल्या हातांना खेळात टिकवून ठेवले होते.

पकडीचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. हिकरी लाकडाचे जाड मुठीचे क्लब, म्हणजे फटका मारायच्या काठ्या, तळव्यात घट्ट धरून फिरवले जात. खालच्या हाताची करंगळी वरच्या हाताच्या तर्जनीवर चढवण्याची आजची सर्वमान्य पकड एका स्कॉटिश हौशी खेळाडूने आधी वापरली होती. १८८९ आणि १८९१ या दोन वर्षी ब्रिटिश हौशी अजिंक्यपद त्याच्याकडे होते. पुढे जर्सी बेटावरच्या एका व्यावसायिक विजेत्याने ती जगभर पोहोचवली आणि पकडीला नावही त्याचेच मिळाले. हौशी खेळाडूने शोधावे आणि व्यावसायिकाच्या नावावर चालावे, असे या खेळात पुढेही घडत आले.

पटरच्या बाबतीत पहिला मोठा खटका १९०४ साली उडाला. तिशी उलटल्यावर गोल्फ शिकलेला एक अमेरिकी हौशी खेळाडू इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश हौशी स्पर्धेसाठी आला. सरावात चेंडू होलमध्ये जाईनात, तेव्हा त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या डोक्याचा, दांडा मधोमध बसवलेला पटर उसना घेतला आणि स्पर्धा जिंकली. १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी अशा बनावटीच्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेने ती मानली नाही. त्यामुळे एकच पटर अटलांटिकच्या एका काठावर वैध आणि दुसऱ्या काठावर अवैध, ही स्थिती दोन्ही बाजूंची समान नियमावली १९५२ मध्ये येईपर्यंत टिकली. वरच्या हाताची तर्जनी खालच्या हाताच्या बोटांवर आडवी ठेवण्याची, आज नवशिक्यांना सर्वाधिक शिकवली जाणारी पटिंगची पकडही याच खेळाडूच्या नावाशी जोडली जाते.

दुसरी बंदी १९६८ ची. पन्नाशी ओलांडलेल्या एका नामवंत अमेरिकी खेळाडूच्या मनगटांना पटिंगच्या क्षणी अनावर झटका येऊ लागला होता. या व्याधीला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. काही जणांच्या बाबतीत ती स्नायूंवरच्या मज्जासंस्थेच्या नियंत्रणाशी संबंधित असते, तर काहींच्या बाबतीत ताणाशी. त्याने चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोके या खेळासारखा, दोन पायांमधून फटका मारायला सुरुवात केली आणि त्याचा खेळ सावरला. नियमकर्त्यांनी मात्र रेषेवर किंवा रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पट करणे निषिद्ध ठरवले. वय आणि मनगट दगा देऊ लागले की खेळाडूने तोड शोधायची आणि काही काळाने नियमाने ती बंद करायची, हा क्रम इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो.

मनगटे स्थिर ठेवण्याचा आजचा आग्रह मात्र नियमापेक्षा गवताशी अधिक निगडित आहे. १९३५ साली पिट्सबर्गजवळच्या ओकमाँट मैदानावर चेंडू ग्रीनवरून बाहेर घरंगळताना पाहून मॅसॅच्युसेट्समधील एका हौशी खेळाडूने ग्रीनचा वेग मोजण्याची लाकडी पट्टी बनवली. १९७० च्या दशकात तिचे धातूचे रूप अधिकृत झाले. यार्डभर लांबीच्या खाचेच्या पट्टीत चेंडू ठेवायचा, पट्टीचे टोक हळूहळू उचलायचे, साधारण वीस अंशांच्या कोनाला चेंडू आपोआप सुटतो, आणि तो सपाट ग्रीनवर किती फूट जातो तो त्या ग्रीनचा वेग. त्या दशकात अमेरिकेत झालेल्या पाहणीत सरासरी वेग साडेसहा फुटांच्या आसपास भरला होता. आज बऱ्या देखभालीच्या क्लबांत नऊ-दहा फूट वेग नवलाचा राहिलेला नाही. संथ ग्रीनवर चेंडू होलपर्यंत पोहोचवण्यासाठी मनगटाचा टोला लागतच असे. वेगवान ग्रीनवर तोच टोला चेंडूला चार-पाच फूट पुढे नेतो, आणि म्हणून खांद्यांतून येणारा लंबकासारखा झोका रूढ झाला. आपल्याकडच्या ज्येष्ठ खेळाडूंचे मनगटी पटिंग सदोष म्हणून मोडीत काढण्यापूर्वी त्यांनी कोणत्या पृष्ठभागावर खेळ शिकला, हे पाहायला हवे. लष्करी छावण्यांमधल्या अनेक मैदानांवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत, आणि उष्ण हवेतल्या बर्म्युडा गवताच्या पात्यांचा कल चेंडूला अडवतो किंवा ओढतो. तिथे हलका लंबकी झोका पुरत नाही.

आता मूळ वादाकडे वळतो. छातीपर्यंत पोहोचणारा लांब पटर १९८० च्या दशकात प्रामुख्याने ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांत दिसू लागला. त्याची पकड जवळून पाहण्यासारखी आहे. दांड्याचे वरचे टोक छातीच्या मधल्या हाडाला टेकवलेले, वरच्या हाताची मूठ त्या टोकाभोवती आणि अंगठा वर, तर खालचा हात बराच खाली, बोटांच्या चिमटीत दांडा सैलसर धरलेला. वरचे टोक खिळल्यामुळे ते बिजागरीसारखे वागते, आणि खालच्या हाताने केवळ ढकलायचे उरते. मनगटाचा झटका दांड्यापर्यंत पोहोचण्याला फार कमी वाव राहतो. बेंबीपाशी टेकवण्याचा मध्यम लांबीचा ‘बेली पटर’ २००० नंतर रुळला. सुरुवातीला नियमकर्त्यांनी या पद्धती पाहिल्या आणि चालू दिल्या.

मग २०११ च्या ऑगस्टमध्ये बेली पटर वापरणाऱ्याने प्रथमच एक प्रमुख व्यावसायिक अजिंक्यपद जिंकले. २०१२ मध्ये अशी आणखी दोन अजिंक्यपदे आली. अमेरिकी व्यावसायिक दौऱ्यावर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) टेकवून पट करणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये ११ टक्के आणि २०१२ मध्ये १५ टक्के असल्याचे नियमकर्त्यांनीच सांगितले. त्याच नोव्हेंबरात चौदा वर्षांच्या एका चिनी मुलाने बेली पटरने आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धा जिंकली आणि महिना संपण्याआधी, २८ नोव्हेंबर २०१२ रोजी, सेंट अँड्र्यूजची आणि अमेरिकेची अशा दोन्ही नियमकर्त्या संस्थांनी बंदीचा प्रस्ताव जाहीर केला. तीन महिने हरकती मागवल्या गेल्या आणि २१ मे २०१३ रोजी निर्णय कायम झाला. नियमावली चार वर्षांनी सुधारली जात असल्याने अंमल २०१६ पासून ठरला.

प्रस्तावाच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा की दोन्ही हातांनी संपूर्ण क्लब मुक्तपणे फिरवणे हा फटक्याचा गाभा आहे. टेकवण्याने गुण सुधारतात असे आकडेवारीने सिद्ध झाले आहे, असा दावा नियमकर्त्यांनी केलाच नाही. उलट, निर्णय आकडेवारीवर बेतलेला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. तत्त्व म्हणून ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण तत्त्वच असेल, तर ते तीस वर्षे का सुचले नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. नव्या पिढीतील मुले ही पद्धत अखेरचा उपाय म्हणून न वापरता पहिल्यापासूनच शिकू लागली आहेत, ही चिंता खरी होती. परंतु ती दूर करण्यासाठी ज्यांना पर्यायच नव्हता, त्या हौशी खेळाडूंनाही त्याच नियमात बसवण्यात आले. अमेरिकेतील व्यावसायिक दौरा आणि तिथल्या प्रशिक्षकांची संघटना या दोघांनीही प्रस्तावाला विरोध केला होता. निर्णय झाल्यावर दौऱ्याने तो स्वीकारला, पण हौशी खेळाडूंना २०१६ च्या पुढेही सवलत द्यावी, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी चर्चा झालेली आणि सर्वात अधिक परिणाम करणारी गोष्ट हीच आहे, कारण व्यावसायिकाला नवी पकड बसवण्यासाठी प्रशिक्षक, वेळ आणि सराव उपलब्ध असतो, तर रविवारी सकाळी अठरा होल खेळणाऱ्या निवृत्त गृहस्थाला बहुधा यांपैकी काहीच नसते.

बंदी पटरच्या लांबीवर नाही, हे आजही अनेक क्लबांत नीट माहीत नसते. लांब पटर वैध आहे. दांडा, तो धरणारा हात किंवा आधारासाठी वापरलेला कोपरापुढचा हात मुद्दाम शरीराला टेकवून धरणे अवैध आहे, आणि त्याबद्दल दोन फटक्यांचा दंड आहे. दांडा पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापर्यंत चिकटवण्याची ‘आर्म लॉक’ पद्धत मात्र चालते. २०२० चे अमेरिकी खुले अजिंक्यपद जिंकणारा याच पद्धतीने पट करत होता. छातीपासून मूठ किंचित दूर ठेवून लांब पटर वापरणारेही पुन्हा वाढले आहेत, आणि त्यांत अमेरिकेतील भारतीय वंशाचा एक तरुण विजेता आहे.

ज्यांना टेकवणे सोडावे लागले, ते मुख्यतः तीन मार्गांकडे वळले. पहिला मार्ग जाड ग्रिपचा, म्हणजे दांड्यावरच्या मुठीच्या जाड आवरणाचा. पटरच्या ग्रिपला एक सपाट बाजू चालते आणि तिची जाडी पावणेदोन इंचांपर्यंत असू शकते, त्यामुळे बोटांचा चाळा कमी होतो. दुसरा मार्ग खालच्या हाताच्या चिमटीच्या ‘क्लॉ’ पकडीचा. तिसरा मार्ग हातांची अदलाबदल करण्याचा, म्हणजे उजव्या खेळाडूने डावा हात खाली घेण्याचा. डर्बनच्या एका भारतीय वंशाच्या कॅडीने (खेळाडूचे क्लब वाहणाऱ्याने) सगळेच फटके असे उलट हातांनी मारून १९५९, १९६० आणि १९६४ साली डच खुली स्पर्धा जिंकली होती. वर्णभेदी राजवटीत त्याला स्वतःच्या देशात १९६३ मध्ये जिंकलेला करंडक क्लबच्या इमारतीबाहेर, पावसात उभे राहून घ्यावा लागला. ज्या पकडीला पुस्तकी शिक्षक चूक म्हणत, ती आज पटिंगचा उपचार म्हणून सुचवली जाते.

नियमाच्या अंमलबजावणीत हेतूचा प्रश्न २०१७ मध्ये उफाळला, कारण लांब पटर वापरणाऱ्या दोन ज्येष्ठ व्यावसायिकांची मूठ छातीला लागते की नाही, यावर दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांनी आक्षेप घेतले. नियमकर्त्यांनी स्पष्ट केले की मुद्दाम टेकवून धरणे म्हणजेच भंग होय. कपड्याला किंवा अंगाला नुसता स्पर्श झाला तर दंड नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात ढगळ रेनकोट घालून पट करणाऱ्याने बाही मुठीला लागली म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. २०२३ च्या नियमावलीत एक सवलतही मुख्य नियमांत आली आहे: हाताची लांबी कमी असल्यामुळे किंवा हात नसल्यामुळे ज्या खेळाडूला पटर टेकवणे आवश्यक ठरते, त्याला दंड होत नाही. हात शाबूत असूनही ज्यांच्या मनगटांवर ताबा उरलेला नाही, ते खेळाडू या सवलतीच्या बाहेरच आहेत.