गाडी किती सीसीची, म्हणजे नक्की काय विचारताय?

गणपतीला चाकरमानी नवी गाडी घेऊन गावी आला की पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते' आणि दुसरा 'किती सीसी'. बाराशे म्हटलं की लोकं खूश, हजार म्हटलं की लगेच "घाटात चढेल काय ओ?" पण सीसी, म्हणजे क्युबिक (घन) सेंटिमीटर, हा ताकदीचा आकडा नाहीच मुळी, इंजिन एका खेपेला किती हवा आत घेऊ शकतं त्याचा आकडा आहे तो.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो, अगदी सायकलच्या पंपाच्या दांड्यासारखा, आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत तो जेवढ्या जागेतून सरकतो तेवढी त्या सिलिंडरची सीसी. पिस्टन वर गेल्यावरही डोक्यावर थोडी जागा उरते, ती यात धरत नाहीत.

जुनी मारुती ८०० घ्या. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८.५ मिमी आणि पिस्टनची चाल, म्हणजे स्ट्रोक, ७२ मिमी. सगळं सेंटिमीटरमध्ये करून ६.८५ चा वर्ग गुणिले ०.७८५४ (म्हणजे पायचा चौथा भाग, गोलाच्या क्षेत्रफळासाठी) गुणिले ७.२, आले २६५ च्या आसपास, सिलिंडर तीन, झाले ७९६. गंमत म्हणजे हेच इंजिन गॅरेजवाल्याने बोरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करायला पाठवून अर्धा मिमी मोठे पिस्टन टाकले तर ते जवळपास ८०८ सीसीचं होतं आणि आरसी बुकात मात्र ७९६ च राहतं!

मग आजच्या गाड्या ११९७, ११९९ अशा विचित्र आकड्यांच्या का? टॅक्समुळे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी छोटी धरतात, २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या गाड्यांना ४०. डिझेलला ही रेषा १५०० वर. त्यामुळे कंपन्या बरोब्बर रेषेला चिकटून इंजिन बनवतात. स्विफ्टचं आधीचं इंजिन चार सिलिंडरचं ११९७ सीसी होतं, २०२४ ला आलेलं तीन सिलिंडरचं आणि तेही ११९७, पण ताकद साधारण ९० पीएसवरून (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) ८२ वर आली. सीसी जिथल्या तिथे.

आता घाटाचं. पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, म्हणजे हवा जेवढी आत जाईल त्या हिशेबानेच पेट्रोल जाळता येतं. सावंतवाडीहून आंबोलीला चढलात की उंची जवळपास ६९० मीटर होते आणि तिथे हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा ६-७ टक्के विरळ, सीसी तीच पण आत हवा कमी, त्यामुळे साधं इंजिन वर जाता जाता तेवढं मंदावतंच, त्यात मागे चार माणसं, डिकीत नारळ आणि एसी चालू. गाडीला उगाच दोष देऊ नका.

टर्बो यावरच उपाय करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. टाटाची बिनटर्बोची पंच ११९९ सीसी, टर्बोवाली नेक्सॉन पण ११९९ सीसी, पण पहिलीचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, ११५ न्यूटन मीटर आणि दुसरीचा १७०. म्हणूनच हजार सीसीची टर्बो गाडी बाराशेच्या साध्या गाडीला चढावर मागे टाकते यात नवल काही नाही.

फक्त एक लक्षात घ्या, टर्बोचा जोर आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, थोडे वर गेल्यावरच येतो, नेक्सॉनला तो पूर्ण मिळायला १७५० च्या आसपास लागतात. त्याखाली ते आपलं साधं छोटं इंजिनच. आंबोलीच्या आवळ वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हजार-बाराशेवर आली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ढिम्म हलेना, तर बिघाड वगैरे काही नाही, दुसरा टाका.