नगरासाठी प्रार्थना (ख्रिस्ती)

आपण राहतो त्या शहराची शांतता, न्याय, आरोग्य आणि भरभराट देवाजवळ मागण्याची ख्रिस्ती प्रथा. दुसऱ्यांसाठी देवाला विनवणाऱ्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचा हा एक प्रकार होय. ती एकट्याने, कुटुंबात किंवा मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत केली जाते.

तिचा मुख्य आधार बायबलमधील संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात आहे. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहुद्यांचे यरुशलेम जिंकून तिथल्या राजासह अनेकांना बंदिवान करून बाबेलला नेले. दोन वर्षांत सगळे परत येतील, असे हनन्या हा संदेष्टा सांगत होता. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, सत्तर वर्षे लागतील. आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. ज्या बाबेलने घरदार हिरावले त्याच बाबेलसाठी ही प्रार्थना होती. बंदिवानांचा राग किती खोल होता हे बायबलमधील 137व्या स्तोत्राच्या शेवटी दिसते. तिथे बाबेलच्या तान्ह्या मुलांचाही सूड मागितला आहे. त्याशेजारी हे पत्र ठेवून वाचले की या आज्ञेची जड बाजू कळते. प्रार्थनेआधी घर आणि मळ्याचा उल्लेख येतो, हेही महत्त्वाचे: जिथे मुक्काम करायचा नाही त्या गावासाठी मनापासून मागणे कठीण असते.

बायबलमध्ये याचे इतरही दाखले आहेत. पापामुळे नाश होऊ घातलेल्या सदोम नगरात इतके नीतिमान सापडले तर ते वाचव, अशी घासाघीस देवाशी करत कुलपिता अब्राहाम पन्नासांवरून दहांवर येतो. शत्रूचे निनवे नगर नाशातून वाचले म्हणून योना हा संदेष्टा रुसतो, तेव्हा देव त्याला तिथल्या 1,20,000 हून अधिक माणसांची आणि गुराढोरांचीही आठवण देतो. येशू यरुशलेम पाहून रडतो. राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्यास तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते.

छळाच्या काळातही मंडळीने हे सोडले नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथच्या मंडळीला गेलेल्या, रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या पत्रात राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आहे. आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, असे ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने इ. स. 197 च्या सुमारास ठासून लिहिले. पुढे संकटात नगरभर प्रार्थनेच्या मिरवणुका निघू लागल्या. 590 मध्ये रोममध्ये प्लेग पसरला असता पोप म्हणून निवडलेल्या महान ग्रेगरीने अशी मिरवणूक काढली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या उपासनेत आजही ‘या नगरासाठी आणि प्रत्येक नगरासाठी’ विनंती होते. 1544 च्या इंग्लिश विनंतीमालेत (एकामागून एक विनंत्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत) प्रवासी, बाळंतवेणांतील स्त्रिया, आजारी, लहान मुले आणि कैदी यांचा उल्लेख आहे. मोघम ‘शहराचे भले कर’ म्हणण्यापेक्षा अशी माणसे समोर आणणे अधिक खरे वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या) व पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांत, रस्त्यांवरून चालत प्रार्थना करण्याची पद्धत रुजली. वाटेत दिसणाऱ्या शाळा, दवाखाने, न्यायालये, तुरुंग यांच्यासाठी तिथल्या तिथे प्रार्थना होते. काही गट शहरावर ताबा ठेवणाऱ्या दुष्ट शक्तींची नावे शोधून त्यांना हाकलण्यावर भर देतात. शास्त्रात याला पुरेसा आधार नाही आणि शेजारी शत्रूसारखे दिसू लागतात, असा आक्षेप अनेक ख्रिस्ती अभ्यासक घेतात. तो रास्त आहे. यिर्मयाच्या पत्रात नगरवासीयांवर मात करण्याची भाषा नाही. अन्य धर्माचे शेजारी, नावडते अधिकारी, सारेच त्या हितात येतात.